डी ड्राइव्हवर कॉपी केलेला डेटा गेला कुठे?

कानात इअरफोन घालून बसमध्ये उभे असाल तर एका हाताने दांडी घट्ट धरा आणि ऐका. आजचा विषय नावाने रुक्ष आहे: फाइलचा पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, आणि तो विंडोजच्या भाषेतून लिनक्सच्या भाषेत बदलून देणारी एक कमांड. एका ओळीत संपणारं काम आहे. पण ते न केल्यामुळे आमच्या घरातली आठ वर्षांची नोंदवही जवळजवळ पुसली गेली होती, म्हणून अख्खा भाग त्यावर.

ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. कमांड मी बोलतो तशाच इथे देवनागरीत उतरवल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत करायच्या.

तर झालं असं. माझी मामेबहीण नाशिकला पंचवटीत राहते, कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. निर्यातीची द्राक्षं म्हटली की कोणत्या प्लॉटवर कोणत्या तारखेला कोणतं औषध मारलं, किती मारलं, सगळ्याची नोंद लागते. मामा आधी वहीत लिहायचे. हिने त्या वह्यांच्या पानांचे फोटो काढले, एक्सेलमध्ये भरलं, पानांवरच्या रोगाचे फोटो तारखेनिशी लावले. आठ हंगामांचं काम. सगळं एका जुन्या लॅपटॉपवर, सी ड्राइव्हमध्ये.

लॅपटॉप इतका हळू झाला की चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन यावं, तरी गोल फिरतंच आहे. मग आपला नेहमीचा उपाय: सगळं डी ड्राइव्हवर कॉपी करायचं, सी फॉरमॅट मारायचा, नवीन विंडोज टाकायचं. हा उपाय तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी केलेला असेल. फक्त हिने माउसने ओढून टाकण्याऐवजी स्क्रिप्ट लिहिली. कॉलेजात नुकतंच शेल स्क्रिप्टिंग झालं होतं, लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, होतंच. हौस होती.

रात्री साडेदहाला फोन. "दादा, कॉपी झाली. एकही एरर नाही. आता सी फॉरमॅट मारू ना?"

मी सहज विचारलं, "डी ड्राइव्हमध्ये जागा किती भरली बघ."

जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "डी तर होता तसाच आहे रे. पण सी लाल झालाय."

आता इथे थांबा आणि विचार करा. कॉपी केली डी वर, भरला सी. असं का?

तिने विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून "कॉपी ॲज पाथ" केलं होतं. तिथून मिळाला हा पत्ता:

डी:\बॅकअप\द्राक्ष बाग

लिनक्सला उलटा स्लॅश चालत नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तिने टीआर नावाची कमांड लावून सगळे उलटे स्लॅश सुलटे केले. म्हणजे पत्ता झाला:

डी:/बॅकअप/द्राक्ष बाग

दिसायला बरोबर. पुढे स्क्रिप्टमध्ये "हे फोल्डर नसेल तर बनव" असं एमकेडीआयआर -पी होतं, आणि मग कॉपी. एरर कशी येणार? फोल्डर नव्हतं, लिनक्सने इमानदारीत बनवलं. फक्त कुठे बनवलं, हा प्रश्न आहे.

हे समजायला आपल्या नाशिकचे पत्ते बघा. जुन्या गावात कुणी सांगतं, "इथनं सरळ खाली उतर, डावीकडे वळ, तिसरा वाडा." हा पत्ता तुम्ही रविवार कारंजावर उभे असाल तरच खरा. अशोकस्तंभावर उभं राहून तसेच चाललात तर तुम्हाला तिसरा वाडा मिळेलही, पण कुणा दुसऱ्याचा. याउलट घर क्रमांक, गल्ली, नाशिक ४२२००१ असा पत्ता टपालवाल्याला कुठूनही चालतो. कॉम्प्युटरमध्ये पहिल्या प्रकाराला रिलेटिव्ह पाथ म्हणतात, दुसऱ्याला ॲब्सोल्यूट पाथ.

लिनक्समध्ये पूर्ण पत्त्याची खूण एकच: तो सुलट्या स्लॅशने सुरू होतो. "डी:/बॅकअप" हा स्लॅशने सुरू होत नाही. सी, डी, ई असे ड्राइव्ह लिनक्सला ठाऊकच नाहीत. त्याच्या लेखी "डी:" हे एका फोल्डरचं साधं नाव, शेवटी एक विचित्र कोलन असलेलं. म्हणून ती ज्या फोल्डरमध्ये उभी होती तिथेच त्याने "डी:" नावाचं फोल्डर तयार केलं आणि आठ वर्षांचा हिशेब त्यात ठेवला. मी तिला टर्मिनलमध्ये एलएस करायला सांगितलं, आणि ते फोल्डर निमूटपणे यादीत बसलेलं दिसलं.

आता खरी धोक्याची गोष्ट. डब्ल्यूएसएल-२ मधलं सगळं लिनक्स, त्यातल्या तुमच्या फाइल्ससकट, विंडोजच्या दृष्टीने एकच भली मोठी फाइल असते. ती फाइल, मुद्दाम हलवली नसेल तर, राहते सी ड्राइव्हवर. म्हणून सी लाल झाला. फॉरमॅट मारला असता तर मूळ डेटाही गेला असता आणि कॉपीही. दोन्ही एकाच झटक्यात, आणि ती मात्र निश्चिंत, की डी वर बॅकअप आहे.

उपाय एका ओळीचा होता. डब्ल्यूएसएलमध्ये याच कामासाठी कमांड दिलेली आहे, नाव डब्ल्यूएसएलपाथ. सगळं सलग, मध्ये जागा नाही.

डब्ल्यूएसएलपाथ -यू 'डी:\बॅकअप\द्राक्ष बाग'

उत्तर येतं:

/एमएनटी/डी/बॅकअप/द्राक्ष बाग

एमएनटी म्हणजे माउंट. विंडोजचे ड्राइव्ह लिनक्सच्या झाडाला जिथे जोडले जातात ती फांदी. यू म्हणजे युनिक्स पद्धतीचा पत्ता दे. यू नाही लिहिलं तरी चालतं, कमांड तेच धरून चालते. उलट दिशेने जायचं असेल, म्हणजे लिनक्सचा पत्ता विंडोजला सांगायचा असेल, तर -डब्ल्यू. आणि एक तिसरा आहे -एम: पत्ता विंडोजचाच, पण स्लॅश सुलटे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हा सगळ्यात उपयोगी, का ते पुढे सांगतो.

तिने स्क्रिप्टमधली टीआरची ओळ काढली, डब्ल्यूएसएलपाथची टाकली, पुन्हा कॉपी केली. या वेळी डी भरला. मग मी तिला दोन्हीकडच्या फाइल्स मोजायला लावल्या, डी वरचे दहा-बारा फोटो उघडून बघायला लावले, आणि मगच फॉरमॅट. मामांना यातलं काहीच माहीत नाही. कृपा करून कुणी सांगू नका.

तुम्ही म्हणाल, मग हातानेच "डी:" च्या जागी "/एमएनटी/डी" लिहिलं तर? चालेल की! एका मशीनवर, एकदा. पण मशीन बदललं की गाडी अडते. डब्ल्यूएसएलमध्ये सी ड्राइव्ह असतो /एमएनटी/सी. सिगविन नावाचं जुनं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तोच ड्राइव्ह असतो /सिगड्राइव्ह/सी. गिट बॅशमध्ये नुसतं /सी. एकच लॅपटॉप, एकच ड्राइव्ह, तीन पत्ते. वर डब्ल्यूएसएलच्या सेटिंगमध्ये ही एमएनटीची जागाही बदलता येते, आणि काही लोक बदलतात. म्हणून माझं ठाम मत आहे: पत्ता आपण अंदाजाने बनवायचा नाही, त्या त्या घरच्या माणसाला विचारायचा. डब्ल्यूएसएलमध्ये डब्ल्यूएसएलपाथ, सिगविन आणि गिट बॅशमध्ये सिगपाथ. दोन्हींचे -यू, -डब्ल्यू, -एम सारखेच आहेत, वेगळं पाठ करायला नको.

सिगपाथ हा यातला थोरला भाऊ. सिगविन १९९५ मध्ये सिग्नस सोल्युशन्स या कंपनीत सुरू झालं, विंडोजवर युनिक्सची अवजारं चालवता यावीत म्हणून. डब्ल्यूएसएल आलं २०१६ मध्ये, म्हणजे वीसेक वर्षांनी. दुखणं मात्र दोघांचं एकच.

आणि हे दुखणं सुरू कुठून झालं? युनिक्सने सत्तरच्या दशकातच सुलटा स्लॅश घेतला होता. १९८१ मध्ये डॉस आलं तेव्हा त्यात फोल्डर हा प्रकारच नव्हता, सगळ्या फाइल्स एकाच पातळीवर. फोल्डर नाहीत तर स्लॅशची गरज काय! म्हणून तो स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी वापरला गेला. डीआयआर स्लॅश डब्ल्यू, हे विंडोजच्या काळ्या खिडकीत आजही चालतं. मग १९८३ मध्ये डॉस २.० मध्ये फोल्डर आले, आणि बघतात तर सुलटा स्लॅश आधीच कामाला लावलेला. उरला उलटा. तेव्हापासून आजपर्यंत आपण निस्तरतोय. गंमत म्हणजे जपानी विंडोजवर पत्त्यात या उलट्या स्लॅशच्या जागी येनचं चिन्ह दिसतं. जपान्यांची फाइल जणू पैशाच्या वाटेने जाते.

आपल्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे, पुराचं पाणी कुठपर्यंत चढलं ते ज्याच्यावरून सांगतात तो. एक तोंड इकडे, एक तिकडे, मूर्ती एकच. फाइलचंही तसंच. विंडोजकडचं तोंड वेगळं, लिनक्सकडचं वेगळं. आत गेलेली वस्तू एकच.

आता दिशेपेक्षा जास्त रडवणारी गोष्ट. उलटा स्लॅश बॅशमध्ये आणि पायथनमध्ये नुसता स्लॅश नसतो, तो "पुढच्या अक्षराचा वेगळा अर्थ घे" अशी सूचना असते. बॅशमध्ये अवतरणचिन्हांशिवाय डी:\बॅकअप लिहिलंत तर स्लॅश गायब, उरतं डी:बॅकअप. पायथनमध्ये तर आणखी मजा. पत्त्यात उलट्या स्लॅशनंतर एन आला, समजा "न्यू" नावाचं फोल्डर आहे, की पायथन तिथे नवी ओळ सुरू करतो. आणि सी:\यूजर्स लिहिलं की "युनिकोड-एस्केप" नावाची लांबलचक एरर येते, कारण उलटा स्लॅश आणि त्यापुढे कॅपिटल यू म्हणजे पुढे युनिकोडचा आठ आकडी नंबर येणार अशी पायथनची समजूत. पहिल्या वर्षाला ही एरर न पाहिलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. म्हणून तो -एम. सुलट्या स्लॅशचा विंडोज पत्ता पायथनलाही चालतो आणि विंडोजलाही.

बॅशमध्ये विंडोजचा पत्ता द्यायचा तर एकेरी अवतरणात द्या. दुहेरीत बहुतेक वेळा चालून जातं, पण पत्त्याच्या शेवटी उलटा स्लॅश असेल तर तो शेवटच्या अवतरणचिन्हालाच गिळतो, आणि टर्मिनल नुसतं वाट बघत बसतं.

आणि "द्राक्ष बाग" मधली ती मधली मोकळी जागा! कमांडचं उत्तर एखाद्या व्हेरिएबलमध्ये घेतलं, आणि वापरताना त्याला दुहेरी अवतरण दिलं नाही, की शेल त्याचे दोन तुकडे करतं. "द्राक्ष" एक पत्ता, "बाग" दुसरा. कॉपी करताना असं झालं तर एरर येईल, चिडचिड होईल, बस. पुसताना झालं तर?

हे झालेलं आहे, आणि मोठ्या लोकांकडून. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्ससाठी आयट्यून्स २.० आणलं. इन्स्टॉलर आधी जुनी आवृत्ती पुसायचा. त्या पुसण्याच्या ओळीत पत्त्याला अवतरणचिन्हं नव्हती. ज्यांच्या डिस्कच्या नावात विशिष्ट जागी स्पेस होती, त्यांचा पत्ता तुटला, आणि जुन्या आयट्यून्सऐवजी डिस्कवरचा डेटाच गेला. ॲपलने ते तातडीने मागे घेऊन २.०.१ दिलं. दोन अवतरणचिन्हं, बाकी काही नाही.

दुसरा किस्सा जानेवारी २०१५ चा. गेमर मंडळींना स्टीम माहीत असेल. त्याच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये स्टीमच्या फोल्डरचा पत्ता शोधायचा आणि त्यातलं सगळं पुसायचं, अशी ओळ होती. एका माणसाने स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवलं. स्क्रिप्टला पत्ता सापडला नाही, व्हेरिएबल रिकामं राहिलं. रिकामा पत्ता, त्यापुढे स्लॅश, त्यापुढे तारा. म्हणजे काय? मुळापासून सगळं. त्याच्या मालकीच्या फाइल्स गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपसकट. त्या ओळीच्या वर प्रोग्रामरने स्वतःच कमेंट लिहून ठेवली होती, "भीतिदायक!" अशा अर्थाची. भीती वाटत होती तर दोन मिनिटं थांबायचं ना बाबा!

आपल्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. पत्ता बदलणारी कमांडही फसू शकते. कमांडचं नावच चुकीचं टाइप झालं, किंवा ती त्या मशीनवर नाहीच, तर उत्तर रिकामं, आणि स्क्रिप्ट पुढे चालूच. म्हणून पुसणाऱ्या कमांडमध्ये व्हेरिएबल नुसतं वापरू नका. डॉलर, मग महिरपी कंसात नाव, आणि कंस बंद होण्याआधी कोलन आणि प्रश्नचिन्ह. इतकं लिहिलं की व्हेरिएबल रिकामं असताना शेल तिथेच थांबतं, एरर देतं. माझ्या मामेबहिणीच्या स्क्रिप्टमध्ये आता हे आहे. तिने स्वतः शोधून टाकलं, मी सांगितलं नव्हतं.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, आमच्याकडे लॅपटॉपच नाही, आम्ही फोनवाले. अहो, तुमच्या हातात आत्ता लिनक्सच आहे! अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. फाइल मॅनेजरमध्ये तुम्हाला "इंटर्नल स्टोरेज" दिसतं, ते फोनचं घरगुती नाव. खरा पत्ता आहे /स्टोरेज/एम्युलेटेड/०. तो शून्य म्हणजे फोनवरचा पहिला वापरकर्ता, म्हणजे तुम्ही. त्याच जागेचं आणखी एक नाव /एसडीकार्ड. कार्ड घातलेलं नसलं तरी हे नाव चालतं, जुन्या काळची आठवण म्हणून राहिलंय.

टर्मक्स नावाचं टर्मिनल ॲप फोनवर घेतलंत तर त्यात टर्मक्स-सेटअप-स्टोरेज ही कमांड एकदा चालवा, परवानगी द्या. तुमच्या टर्मक्सच्या घरात स्टोरेज नावाचं फोल्डर येतं, आणि त्यात डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक असे शॉर्टकट. त्यातल्या एखाद्याचा खरा पत्ता हवा असेल तर रिअलपाथ ही कमांड द्या. आडनाव, गाव, सगळं सांगते. आणि व्हॉट्सॲपचे फोटो ज्या फोल्डरमध्ये येतात त्याचं नाव बघा: "व्हॉट्सॲप इमेजेस". मध्ये स्पेस! अवतरणचिन्हांची सवय इथेच लावून घ्या.

लॅपटॉपवरून केबलने फोनमध्ये फाइल ढकलणाऱ्यांसाठी एक खास खाचखळगा. गिट बॅशमधून एडीबी पुश करताना /एसडीकार्ड/डाउनलोड लिहिलं, की गिट बॅश अतिउत्साहाने त्याचंच विंडोजच्या पत्त्यात रूपांतर करतं. फोनच्या ऐवजी गिटच्या प्रोग्राम फाइल्समधला एसडीकार्ड शोधायला पाठवतं, आणि फोन म्हणतो, असं काही माझ्याकडे नाही. सुरुवातीला दोन स्लॅश द्या, मग ते हात लावत नाही. न मागता केलेली मदत, दुसरं काय.

शेवटचा मुद्दा खास मराठीवाल्यांचा. मामेबहिणीने नंतर विचारलं होतं, "दादा, नावं मराठीत ठेवली तर पत्ता बदलताना मोडतो का?" नाही. विंडोज आणि लिनक्स ही नावं आतून वेगळ्या पद्धतीने साठवतात, पण डब्ल्यूएसएलपाथ ते सांभाळतं. टर्मिनलमध्ये चौकोन दिसले तर तो फॉन्टचा दोष, नाव शाबूत असतं. फरक पडतो लांबीत. विंडोजवर एका फाइलचं नाव २५५ चिन्हांपर्यंत जातं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमवर मर्यादा २५५ बाइट्सची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे मराठी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. "द्राक्ष" हा दोन अक्षरी शब्दच सात चिन्हांचा आहे, म्हणजे २१ बाइट्स. व्हॉट्सॲपवर अख्खं वाक्यच नाव असलेल्या पीडीएफ फिरतात ना, त्या विंडोजवर सुखाने राहतात आणि लिनक्समध्ये नेताना "नाव फार लांब" म्हणून अडतात. यावर पत्ता बदलणारी कमांड काही करू शकत नाही. नाव छोटं करणं एवढंच हातात आहे.

तुमच्या फोनमधलं सगळ्यात लांब मराठी नाव असलेल्या फाइलचा स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात मोजू. त्या भागात फोटोंच्या तारखा, म्हणजे फाइल कॉपी केली की तारीख आजची का होते, यावर बोलू. भेटूच.